घोटलेला कोबा

आमच्या दौंडच्या घराच्या पार्किंगची जमीन अर्धी आरशासारखी गुळगुळीत आणि अर्धी देवीचे व्रण उठल्यासारखी खडबडीत आहे. येणारा प्रत्येक जण आधी खाली बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "काम अर्धवट राहिलंय का, मॅडम?" सुरुवातीला मी नीट उत्तर द्यायची. आता "हो" म्हणते आणि चहा ठेवू का विचारते. काम अर्धवट राहिलेलं नाही, पण ते समजावून सांगायची ताकद माझ्यात उरलेली नाही. जमिनीवर काय घालावं ह्या एवढ्याशा प्रश्नाने माझे पाच महिने खाल्ले.

मी आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवायची. बाई फिटर शिकवते हे लोकांना आधी ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तरी पटत नाही. "म्हंजी शिवणकाम का?" असं मला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत विचारलं होतं. रिटायर झाल्यावर घरी एक छोटं वर्कशॉप करायचं हे माझ्या फार दिवसांपासून मनात होतं. आमच्याकडे गाडी कधी आलीच नाही, त्यामुळे घराच्या बाजूचं पार्किंग मोकळंच होतं. पलीकडच्या भिंतीला उजेड चांगला येतो म्हणून तिथे बेंच लावला, त्यावर लोखंड पकडायचा व्हाइस बसवला, ड्रिल मशीन आणलं. जमीन तेवढी मुरमाची होती. ती करू सावकाश, असं म्हणत होते.

आणि मग नवऱ्याला झटका आला. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, पण लिहिताना तेवढं सोंग जमत नाही. तो रेल्वेत गार्ड होता, रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं. डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं शाबूत राहिलं, आणि ते सगळं माझ्यासाठीच राखून ठेवल्यासारखा तो मला बोलायचा. पाय थोडाफार आला. काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालायला लागला. हात मात्र येईना. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की हे सुरुवातीचे महिनेच कामाचे आहेत, ह्यात जेवढा हात वापरतील तेवढा परत येईल, नंतर अवघड आहे. त्यांनी दाबायला एक पिवळा चेंडू दिला. नवऱ्याने तो दुसऱ्याच दिवशी पलंगाखाली ढकलला. "मी काय बालवाडीत हाय का?" म्हणाला आणि टीव्हीकडे तोंड केलं.

तेव्हा मला कानस आठवली. फिटरच्या पोराला पहिले काही महिने आम्ही दुसरं काही देत नाही. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि कानशीने घासून सपाट करायचा. उजव्या हाताने मूठ धरून ढकलायचं, डाव्या हाताने टोकावर दाब द्यायचा. एका हाताने ते होतच नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "चेंडू राहू द्या. माझ्या बेंचवर येऊन रोज थोडं घासाल का?" तो म्हणाला, "बघू." ज्यांनी माझ्या नवऱ्याबरोबर संसार केलेला नाही त्यांना ह्या "बघू"ची किंमत कळणार नाही. चेंडूला त्याने "बघू"सुद्धा म्हटलं नव्हतं.

राहिला प्रश्न बाजूच्या दारापासून बेंचपर्यंत जाण्याचा. त्याच्या चालीने वीस-पंचवीस पावलं. मुरमात काठी रुतायची. आणि दवाखान्यातून आल्याआल्या तो मोरीत चकचकीत टाइलवर एकदा घसरला होता, त्यामुळे गुळगुळीत काही नको हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. घसरणार नाही, हातोडा पडला तर फुटणार नाही, तेल सांडलं तर पुसता येईल, लोखंडाचा कीस झाडूने निघेल, अशी जमीन मला हवी होती, आणि लगेच हवी होती.

पहिली चूक मी शब्दातच केली. टाइलच्या दुकानात जाऊन म्हटलं, "घरच्या गॅरेजसाठी फरशी दाखवा." चित्रांच्या एका इंग्रजी पुस्तकात बघून मी हा शब्द उचलला होता. आमच्याकडे गॅरेज म्हणजे जिथे गाडीखाली माणूस झोपलेला असतो ते. दुकानदार म्हणाला, "अरे वा, कुठं टाकलं? टू-व्हीलर का फोर-व्हीलर?" मी म्हटलं, घरातच आहे. बास. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गल्लीतला एक गृहस्थ बंद पडलेली स्कूटर ढकलत फाटकात हजर. "साहेब हायेत का? किक मारून पाय दुखला." साहेब झोपून आहेत, पण मी बघते, असं म्हटल्यावर त्याने स्कूटर जागच्या जागी वळवली आणि आला तसा ढकलत गेला. माझी नोकरी यंत्रांत गेली. त्याचा प्लग मी दोन मिनिटांत साफ करून दिला असता.

मग मी गॅरेज सोडून पार्किंग म्हणायला लागले. तर पार्किंग म्हटलं की सगळे जण पार्किंगचीच टाइल काढून दाखवायचे, नक्षीची, खळग्याखळग्यांची. त्या खळग्यांत कीस बसला तर तो सुईने काढावा लागला असता. ती नको म्हटलं की दुसरी काढायचे ती तोंड दिसेल अशी चकचकीत. एका दुकानदाराने मला प्रेमाने सल्ला दिला, "तुम्ही असं करा, साहेबांना घेऊन या. त्यांना पसंत पडंल ती टाकू." साहेबांना दुकानापर्यंत चालता आलं असतं तर मी तुमच्या दारात कशाला आले असते, असं माझ्या तोंडून जरा मोठ्यानेच गेलं. त्याने घाईघाईने चहा मागवला. मी चहा न घेता निघाले.

शेवटी मी ठरवलं की टाइल नकोच, साधा कोबा करायचा. खडी-सिमेंटचा जाड थर. दोन मजले त्याच्यावर उभे केले तरी हूं की चूं करणार नाही. गवंडी तळेगाव ढमढेऱ्याचे, आमच्या गल्लीतली अर्धी घरं त्यांच्या हातची. मी त्यांना मामा म्हणते. मामांना मी जागेवर उभं करून सांगितलं, "मामा, वरून सारखा करा, ओला असताना खराटा ओढा आणि सोडून द्या. घोटायचं नाही." कशासाठी तेही सांगितलं. काठी टेकेल, पाय घसरणार नाही. मामांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्याडम" म्हटलं. आमच्याकडे "व्हय" म्हणजे तुमचं ऐकू आलं. पटलं असा त्याचा अर्थ नसतो. इतकी वर्षं ह्या भागात काढून मला हे कळायला हवं होतं.

ज्या दिवशी कोबा टाकला त्याच दिवशी नवऱ्याला व्यायामाला न्यायचं होतं. रिक्षाने गेलो, दुपार टळल्यावर आलो. बघते तर मामा फळीवर उकिडवे बसलेले, हातात लोखंडी थापी, बाजूला सिमेंटच्या पाण्याची बादली, आणि घाम पुसत पुसत घोटाई चालली आहे. माणसं निघून गेली होती. मामा एकटे मागे राहिले होते आणि जेवायलाही उठले नव्हते. मला बघून त्यांनी तोंडभर हसून जमिनीकडे हात केला. "म्याडम, त्वांड बघा त्यात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं आनंदाने आलं.

"मामा, मी घोटू नका म्हटलं होतं."

"अवो, खडबडीत कोबा गोठ्यात करत्यात. माणसाच्या घराला आसं सोडलं तर लोक मला काय म्हणतील? आन् सायेब बरं हून भाईर येतील, त्यांच्या पायाखाली चांगलं नको व्हय?"

आता ह्या माणसाशी भांडायचं कसं? त्याने पोटात अन्न न घेता, सांगितलेलं नसताना, निव्वळ आपुलकीपोटी माझं वाटोळं केलं होतं. मी "बरं झालंय" म्हटलं आणि आत जाऊन भांड्यांवर राग काढला.

आठ दिवस पाणी मारलं. वाळल्यावर एकदा करून बघू म्हणून नवऱ्याला दारात आणलं. काठीचं रबर टेकलं तसं किंचित सरकलं. मी झटकन दंड धरला. तो डगमगला, भिंतीला टेकला आणि पायरीवर बसला. पडला नाही, पण चेहरा पांढरा झाला होता. "न्हाई जमायचं," म्हणाला. "ऱ्हाऊ दे तुझं वर्कशॉप." त्यानंतर तो दाराकडे फिरकेना. एक महिना असा गेला. डावा हात उशीवर ठेवला की तिथेच असायचा. मी रोज सकाळी त्या हाताकडे बघायची आणि पार्किंगमध्ये जाऊन त्या आरशाकडे बघायची, आणि दोन्हींचा मला सारखाच संताप यायचा.

मग माझा एक जुना विद्यार्थी धावून आला. तो कुरकुंभला औषधांच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, पोराबाळांचा बाप आहे, पण माझ्यासमोर अजून खुर्चीत बसत नाही. त्याने खाली वाकून नखाने कोबा खरवडून बघितला. "म्याडम, आमच्या प्लान्टात जमिनीला इपॉक्सीचा थर हाय. ॲसिड सांडलं तरी कायबी होत न्हाई. वर बारीक वाळू मारली की ग्रिप येती. पण हे घोटलेलं हाय. ह्याच्यावर पकडणार न्हाई, पापुद्रं निघतील. आधी ग्राइंडिंग मारावं लागंल."

"मग मार."

"मारू की. ह्या आठवड्यात सेकंड शिफ्ट हाय. पुढल्या आठवड्यात येतो."

पुढच्या आठवड्यात नाइट होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात शटडाऊन होता. त्यानंतर त्याच्या मेहुण्याचं लग्न. दर वेळी फोनवर तो इतक्या आदराने बोलायचा की मला ओरडताही यायचं नाही. मीच त्याला वर्गात शिस्त लावली होती. ती शिस्त मोठ्यांशी नम्रतेने बोलायची होती, वेळेवर यायची राहून गेली असावी.

भावाला फोनवर हे रडगाणं सांगितलं तर तो तिसऱ्या दिवशी कवठे येमाईहून पिकअप घेऊन दारात. त्याचा गोठा आहे. पिकअपमध्ये दोन जाड काळ्या रबरी मॅट, गाईंच्या पायाखाली घालतात त्या. कोऱ्या होत्या, पण वास गोठ्याचाच. "आक्का, उगं डोकं फिरवून घेऊ नको," म्हणाला. "ह्याच्यावर चारशे किलोची गाय घसरत न्हाई, दाजी काय घसरत्यात?"

खरं सांगते, मला कल्पना आवडली. मी हाताने दाबून बघितलं, वर हातोडा टाकून बघितला, तेल ओतून पुसून बघितलं. वस्तू पहिल्या नंबरची होती. मी नवऱ्याला बोलवायला गेले. भावाच्या भिडेने तो दारापर्यंत आला, मॅट बघितली आणि म्हणाला, "आणलीच हाय तर दावंबी आणायचं. बांधा मला हितंच."

भाऊ ओशाळला. नवरा तरीही, म्हणजे बहुधा त्याचं मन राखायला, मॅटवर चढला. मी बाजूला होतेच. दोन पावलांत त्याच्या डाव्या पायाचा अंगठा मॅटच्या उंचवट्यांना अडकला. तो पाय उचलला जात नाही, घासत येतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गुळगुळीत असलं की काठी सरकते आणि खडबडीत असलं की पाय अडतो. मी त्याला काखेतून धरून मागे घेतलं आणि तो आत गेला. भाऊ चहा न घेताच निघाला. मॅट त्याने परत नेल्या नाहीत. त्या मी बेंचच्या दुसऱ्या टोकाला टाकल्या, मला तासन् तास उभं राहायला बऱ्या पडतात.

आता एकच राहिलं होतं. कोब्याला टाचे मारायचे, म्हणजे छिन्नी-हातोडीने वरचा गुळगुळीतपणा थोडा थोडा टोचून काढायचा. फार नाही, काठी टेकेल आणि पाय अडणार नाही इतपत. मी मामांना फोन केला. "टाचं? आन् त्ये कशापायी? वर दुसरा थर द्यायचाय व्हय?" नाही, असंच ठेवायचंय, म्हटल्यावर "उद्या येतो" म्हणाले. उद्या आले नाहीत. परवा फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी मी दुसऱ्याच्या फोनवरून लावला तेव्हा सापडले. "म्याडम, माज्याच हातानं क्येलेल्या कामावर मी छिन्नी न्हाई मारायचो," म्हणाले. "दुसरा कुनी बघा. मला त्येवढं सांगू नगा."

मी फोन ठेवला, साडीचा पदर खोचला आणि छिन्नी घेतली. नोकरीभर मी पोरांना छिन्नी कशी धरायची ते शिकवलं. गवंड्याची छिन्नी वेगळी आणि फिटरची वेगळी, पण हात तोच. दारापासून सुरुवात केली. पहिल्या घावाला मामांची आठवण आली आणि वाईट वाटलं. दहाव्या घावाला वाईट वाटायचं थांबलं. टाइलवाले, "पुढल्या आठवड्यात" म्हणणारा तो नम्र पोरगा, भाऊ, मामा, पलंगाखालचा चेंडू, सगळ्यांना मी त्या कोब्यात ठोकत होते. सकाळी बसले ती दुपारपर्यंत. हाताला फोड आले. निम्मी जागा झाली होती, बेंच अजून लांब होता.

"अगं ए, जरा थांबशील का? टीव्हीचं एक अक्षर ऐकू येईना."

मी वळून बघितलं. नवरा दारात उभा. आपलाआपला पलंगावरून उठून, दोन खोल्या ओलांडून आला होता. मी छिन्नी टाकून उठले आणि धावले.

"तिथंच थांब," तो ओरडला.

इतक्या मोठ्याने तो झटक्यानंतर कधी बोलला नव्हता. मी थांबले.

"फरशी फरशी काय लावलंय पाच महिनं? फरशीला कोण भ्यालंय?" त्याचा श्वास लागला होता. "मोरीत पडलो तो पडलो. ते कुणाच्यानंबी हुतं. पर तू आशी पळत येतीस ना, आन् ह्या मेलेल्या बाजूला धरून वडतीस, तवा माझा तोल जातो. तू आलीस की मला पडल्यासारखंच वाटतं. म्हणून मी भाईर येत न्हाई. कळलं?"

मी विचार करत होते की हे हा माणूस पहिल्या दिवशी का नाही बोलला. आणि लगेच मला कळलं की बोलला असेल, मी त्या वेळी एखाद्या दुकानात उभी राहून टाइल नाकारत असेन. माझ्या ट्रेडमध्ये मी पोरांना पहिल्यांदा एकच गोष्ट सांगायची, की काम बिघडलं तर आधी स्वतःचा हात तपासा, मग अवजार. मी पाच महिने सगळ्यांची अवजारं तपासली.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"काय करू नको. खाली बस."

मी बसले, तिथेच, सिमेंटच्या भुकटीत. तो पायरी उतरला. काठी माझ्या टाच्यांवर टेकली आणि टेकून राहिली. डावा पाय घासत आला, एकदा अडला, तो थांबला, कमरेतून झोका देऊन सोडवला आणि पुढे आला. माझ्या बाजूने गेला तेव्हा त्याच्या लेंग्याचा काठ माझ्या खांद्याला लागला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मग टाचे संपले आणि घोटलेला भाग सुरू झाला. तिथे काठी सरकली. तो पूर्ण वाकला, मला वाटलं गेला आता. मी डोळे मिटले आणि तोंडातून काही निघू नये म्हणून ओठ चावला. उघडले तेव्हा तो उभा होता, काठी जरा जवळ घेऊन, लहान पावलं टाकत.

बेंचला हात लागल्यावर तो थांबला. पाठ माझ्याकडे होती, ती वरखाली होत होती. माझं रडू आवरत नव्हतं आणि नाक पुसायलाही मी हात मोकळे करत नव्हते. व्हाइसमध्ये मी त्याच्यासाठी लावून ठेवलेला लोखंडाचा तुकडा कित्येक आठवडे तसाच होता, त्याच्यावर गंज आला होता. त्याने त्याच्यावर बोट फिरवलं.

"कानस कुठंय?"

उठून द्यायला मला दहा पावलंही लागली नसती. कानस बेंचच्या डाव्या खणात होती, आणि तो खण त्याला डाव्या हातानेच ओढावा लागणार होता, कारण उजव्या हातात त्याची काठी होती.

"डावीकडच्या खणात आहे," मी म्हणाले, आणि जागची हलले नाही.